शिनहुईची जुनी साल

दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात, ग्वांगझोऊ महानगराच्या नैऋत्येला शंभर किलोमीटरच्या आत, शिनहुई नावाचा एक सखल, पाणथळ मुलूख आहे. आज तो जियांगमेन शहराचा एक विभाग म्हणून ओळखला जातो. तेथे संत्री पिकतात. पण आपण ज्यासाठी संत्रे हातात घेतो, त्यासाठी नव्हे. तेथील बागाईतदार फळ सोलतो, साल जपून ठेवतो आणि गर बाजूला टाकतो. पिढ्यान्‌पिढ्या हा गर शिनहुईत टाकाऊ मानला गेला. त्याचे खत किंवा पेय करण्याचे उद्योग अलीकडचे. साल मात्र तोलून, वर्षाची चिठ्ठी लावून, घराच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवली जाते आणि तीन वर्षे उलटल्याशिवाय तिला तिचे खरे नावही मिळत नाही. ते नाव ‘चेनपी’. ‘चेन’ म्हणजे जुनी, ‘पी’ म्हणजे साल.

घरातील वडीलधाऱ्यांचा खोकला, छातीत घरघरणारा कफ, जेवणानंतरची पोटफुगी यांच्याशी रोज सामना करणाऱ्या वाचकांना या सालीची हकिगत उपयोगी वाटावी. ती एक रामबाण औषध आहे म्हणून ती येथे सांगत नाही. हे औषध देण्यापूर्वी तेथील जाणती माणसे जे प्रश्न विचारतात, ते प्रश्न आपल्याही घरात विचारण्यासारखे आहेत.

शिनहुईला जायचे तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जावे. ग्वांगझोऊहून जलद रेल्वे थेट शिनहुईपर्यंत जाते आणि प्रवास वृद्धांनाही झेपेल असा आहे. या दिवसांत उत्तरेकडून कोरडा वारा वाहतो, आकाश निरभ्र असते आणि अंगणे, गच्च्या, ओटे सालींनी भरून जातात. आपण नीट पाहिलेत तर प्रत्येक साल सारख्याच पद्धतीने कापलेली दिसेल: देठाशी जोडलेल्या तीन पाकळ्या, उमललेल्या फुलासारख्या. साल थोडी मऊ पडली की ती उलटी करतात, म्हणजे पांढरा भाग बाहेर येतो आणि सुगंधी तेलाच्या ग्रंथींचा रंगीत भाग आत राहतो. मग उन्हात वाळवतात. हवेत असा काही दरवळ असतो की बाजारात शिरण्याआधीच आपल्याला बाजार कळतो.

तोडणीच्या काळानुसार सालीचे तीन प्रकार होतात. पावसाळा सरता सरता उतरवलेल्या कच्च्या हिरव्या फळाची साल कडू आणि उग्र असते. शरदात, रंग पालटू लागलेल्या फळाची साल मध्यम. आणि थंडीत पूर्ण पिकून लाल-नारिंगी झालेल्या फळाची साल जाड, गोडसर वासाची. तिला ‘मोठी लाल’ म्हणतात. स्वयंपाकात आणि वृद्धांच्या पथ्यात हीच अधिक वापरली जाते. हिरव्या, अपक्व सालीला चिनी वैद्यक वेगळेच औषध मानते आणि ती जपून वापरते. कारण तिचा जोर अधिक.

तीन वर्षे थांबायचे कशासाठी? ताजी साल आपण दाताखाली धरून पाहा. जिभेला चुरचुरते, घसा खवखवतो. तो गुण उडनशील तेलांचा, त्यातही लिमोनीन या घटकाचा. साठवणीत ही तेले हळूहळू उडून जातात, साल तपकिरी होते, पुढे काळपट होते, आतला पांढरा थर सुटून पडू लागतो आणि वासातला तिखटपणा जाऊन त्यात एक लाकडासारखा, जुन्या पेटीसारखा गंध येतो. चिनी वैद्य म्हणतात की सालीचा उग्र ‘कोरडेपणा’ निघून जातो आणि गुण उरतो. आपल्याकडे जुना तांदूळ, जुना गूळ, जुने तूप यांविषयी जी भावना आहे, तीच येथे सालीविषयी आहे. चिनी औषधांत अशी सहा द्रव्ये गणली जातात की जी जुनी झाल्यावरच वापरावीत. त्यांत चेनपी एक.

मात्र हे ‘थांबणे’ म्हणजे डबा बंद करून विसरणे नव्हे. शिनहुईत मार्च-एप्रिलच्या सुमारास दक्षिणेकडून दमट वारे येतात. थंड भिंतींना पाणी सुटते, फरशी ओली होते, कपडे वाळत नाहीत. कोकणात जुलै महिना काढलेल्या वाचकांना अधिक सांगायला नको. या दिवसांत सालीचे पोते उघडायचे नाही, हा तेथील घराघरांतला नियम. दमट काळ सरला आणि स्वच्छ ऊन पडले की साल बाहेर काढायची, पुन्हा तापवायची, निवू द्यायची आणि परत भरायची. असे दर वर्षी. हे काम बहुधा घरातील म्हाताऱ्या माणसांकडे असते. मुलीच्या जन्मवर्षी भरलेली साल तिच्या लग्नात बरोबर देण्याची चाल येथे होती, असे सांगतात. या भागातून लाखो माणसे अमेरिका, कॅनडा आणि आग्नेय आशियात पोट भरण्यासाठी गेली. त्यांच्या सामानातही ही साल गेली.

येथील हवा ध्यानात घेतली की येथील औषधविचारही उलगडतो. चिनी वैद्यकात ‘ओलावा’ हा रोगाचा एक मोठा हेतू मानला आहे. शरीरात ओलावा साठला की अंग जड होते, भूक मंदावते, पोट तट्ट फुगते, जिभेवर पांढरा चिकट थर येतो आणि कफ वाढतो. पचनाचे अधिष्ठान ते प्लीहेत मानतात. आधुनिक शरीरशास्त्रातील प्लीहा ती हीच असे मात्र समजू नये. नाव तेच असले तरी कल्पना निराळी आहे. कफ निर्माण होतो पचनाच्या ठिकाणी आणि साठतो फुफ्फुसात, हे त्यांच्या शास्त्राचे एक मूलसूत्र. म्हणून छातीतील कफावर इलाज करताना ते आधी पोटाकडे पाहतात. चेनपीचा रस कडू आणि तिखट, वीर्य उष्ण. ती अडलेली प्राणशक्ती, जिला ते ‘ची’ म्हणतात, मोकळी करते, ओलावा सुकवते आणि कफ सोडवते, असे तिचे वर्णन आहे. अग्निमांद्य आणि कफ यांची सांगड घालणाऱ्या आपल्या आयुर्वेदाच्या वाचकाला ही भाषा फारशी परकी वाटणार नाही. तरीही दोन्ही शास्त्रे एकच आहेत असे म्हणण्याचा मोह आवरावा. त्यांची नाडी, त्यांची अवयवकल्पना, त्यांची द्रव्ये वेगळी आहेत.

आता औषधांच्या दुकानात चला. भिंतभर लाकडी खण, प्रत्येकावर औषधाचे नाव, समोर तराजू. वृद्ध आईसाठी ‘खोकल्याचे काहीतरी’ मागायला आलेल्या मुलाला जाणता वैद्य लगेच पुडी बांधून देत नाही. खोकला ओला की कोरडा? कफ पडतो का? पांढरा, पातळ, सहज सुटणारा, की पिवळा, घट्ट? तोंड कोरडे पडते का, रात्री घाम येतो का? जीभ दाखवा. ती फिकी आणि पांढऱ्या थराची आहे, की लाल, तासल्यासारखी, थर नसलेली? पाहणे, ऐकणे आणि वास घेणे, विचारणे, नाडी पाहणे या त्यांच्या परीक्षेच्या चार पायऱ्या आहेत आणि त्या चुकवून दिलेले औषध हे औषधच नव्हे, अशी तेथील जुनी शिस्त आहे.

या प्रश्नांवरच सगळे अवलंबून आहे. पांढरा, भरपूर कफ आणि मंद भूक असेल तर चेनपी जुळते. पण खोकला कोरडा असेल, घसा सुकत असेल, जीभ लाल असेल, कफात रक्ताचा अंश असेल, तर तेच शास्त्र ही साल देऊ नये असे सांगते. सुकवणारे द्रव्य आधीच सुकलेल्या देहाला आणखी सुकवते. उतारवयात तर देहातील स्निग्धता कमी झालेलीच असते. शेजारच्या आजोबांना ज्याने आराम पडला, ते आपल्या आजीला दिले की तिचा खोकला वाढतो. यात औषध खोटे ठरत नाही. खोकलाच दुसरा असतो. घरगुती उपायांची शिफारस करणारे आपले स्नेही-सोबती नेमका हाच प्रश्न वगळतात, असे माझे निरीक्षण आहे.

एकाच फळात किती औषधे असावीत? वाळलेली साल हे एक. सालीचा केवळ बाहेरचा रंगीत पापुद्रा हे दुसरे. फोडींवरच्या पांढऱ्या शिरा, ज्या आपण नखाने खरडून टाकतो, त्या तिसरे; बिया चौथे; पानेही वापरात. सोळाव्या शतकातील थोर वैद्य ली शिझेन यांनी १५७८ मध्ये पूर्ण केलेल्या ‘बेनचाओ गांगमू’ या द्रव्यगुणाच्या महाग्रंथात एक मार्मिक नोंद आहे: साल कफ घालवते, तर त्याच फळाचा गर कफ वाढवतो. गर टाकून साल राखण्याची शिनहुईची चाल आपल्याला विचित्र वाटली असेल, तर तिच्यामागे ही समजूतही आहे. आपल्याकडेही सर्दी-खोकल्यात संत्रे देऊ नये असे घरोघरी सांगतात. आधुनिक आहारशास्त्राला मात्र असे सरसकट पथ्य मान्य नाही.

ग्वांगदोंगच्या उत्तरेस हुनान प्रांतात चेनझोऊ म्हणून शहर आहे. तेथील एक आख्यायिका वृद्धसेवेत असलेल्या वाचकांना आवडेल. सू दान नावाचा सिद्ध पुरुष संसार सोडून निघाला, तेव्हा मागे म्हातारी आई एकटी राहणार होती. त्याने तिला सांगितले, पुढच्या वर्षी साथ येईल. अंगणातल्या विहिरीचे थोडे पाणी आणि वळचणीच्या संत्र्याचे एक पान एका रुग्णाला दिले तर तो बरा होईल, आणि तुझाही चरितार्थ चालेल. पुढे तसेच घडले, अशी कथा. संत्र्याची विहीर ही खूण चिनी भाषेत वैद्यकाचे प्रतीक होऊन बसली आहे. आख्यायिका म्हणूनच ती वाचावी. साथीच्या रोगावर पानाचे पाणी पुरत नाही.

औषधाच्या दुकानापेक्षा स्वयंपाकघरात ही साल अधिक वावरते आणि मला वाटते तिचे खरे स्थान तेच. सालीची एक पाकळी कोमट पाण्यात भिजवायची, मऊ झाली की आतला पांढरा थर चमच्याने खरवडायचा आणि बारीक चिरून पदार्थात टाकायची. वाफवलेल्या मासळीवर तिचे तंतू पसरतात. तासन्‌तास मंद आचेवर शिजणाऱ्या सारात ती असते. लाल चवळीसारख्या दिसणाऱ्या बारीक दाण्यांची गोड खीर तर तिच्यावाचून होतच नाही. आणि आजाऱ्याला, म्हाताऱ्याला देतात ती तांदळाची पेज. आपल्या पेजेसारखीच, फक्त अधिक वेळ शिजवून दाणा पूर्ण विरघळलेला. त्यात चेनपीचा चिमूटभर चुरा आणि आल्याचे दोन काप. ज्यांना चावता येत नाही, गिळताना त्रास होतो, तोंडाला चव नाही, अशांना हा वास जेवणाकडे वळवतो. कदाचित सालीचा सर्वांत निर्विवाद उपयोग हाच असेल.

कारण बाकीच्या गुणांविषयी हातचे राखूनच बोलावे लागते. या सालीत हेस्पेरिडिन, नोबिलेटिन यांसारखी द्रव्ये आहेत आणि त्यांवर प्रयोगशाळांत पुष्कळ काम झाले आहे. परंतु माणसांवर, त्यातही वृद्ध रुग्णांवर, काटेकोरपणे केलेले मोठे अभ्यास थोडे आहेत. वापर शतकांचा आहे, ही गोष्ट मोलाची. पण शतकांचा वापर म्हणजे सिद्धता नव्हे.

काही सावधगिरी मात्र नि:शंकपणे सांगता येते. चेनपी क्वचितच एकटी दिली जाते. तिचा सर्वांत प्रसिद्ध योग सोंग राजवटीच्या काळातील सरकारी औषधशाळेच्या ग्रंथात नोंदलेला आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘दोन जुन्यांचा काढा’. त्यातील दुसरे जुने द्रव्य हा एक कंद असून तो कच्चा असताना विषारी असतो, संस्कार केल्यावरच वापरतात. शिवाय त्यात ज्येष्ठमध असतो. आपल्या घरांतही खोकल्यावर ज्येष्ठमधाची काडी चघळण्याची सवय आहे. ज्येष्ठमध रोज, बरेच दिवस घेतला तर रक्तदाब वाढू शकतो, शरीरातील पोटॅशियम घटते आणि पायांवर सूज येते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा हृदयविकाराची औषधे चालू असलेल्या वृद्धांच्या बाबतीत हा धोका खरा आहे. सालीतही सिनेफ्रिन नावाचे द्रव्य असते. त्याची रचना ॲड्रेनलिनच्या जातकुळीची. पेजेतली चिमूट आणि बाटलीबंद अर्क यांत म्हणूनच फरक करावा. ज्यांना आम्लपित्त आहे, त्यांना लिंबूवर्गीय साल जळजळ वाढवते. पोकळ केलेल्या लहान हिरव्या संत्र्यात पुएर चहा भरून वाळवलेली फळे शिनहुईत सर्वत्र मिळतात. त्यांचा चहा सुवासिक खरा, पण तो चहाच. रात्री झोप न येणाऱ्यांनी तो दुपारनंतर घेऊ नये.

आणि खोकल्याविषयी. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला खोकला क्षयाच्या तपासणीस पात्र आहे, हा आपल्या देशातील साधा नियम. वय कितीही असो. संध्याकाळचा ताप, वजन घटणे, कफात रक्त, ही लक्षणे असतील तर एक दिवसही साल उगाळत बसू नये. आडवे झाल्यावर धाप लागते, उशा वाढवाव्या लागतात, पावले सुजतात, असा खोकला हृदयाकडून आलेला असू शकतो. आणि रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारखी गोळी चालू असेल तर कोरडा, घशात गुदगुल्या करणारा खोकला त्या गोळीचाच परिणाम असण्याचा संभव असतो. अशा वेळी महिनोन्‌महिने काढे पाजणारे कुटुंबीय असतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारा, पर्यायी औषध मिळते. शिनहुईच्या दुकानातील ‘खोकला ओला की कोरडा’ हा प्रश्न येथेही उपयोगी पडतो. डॉक्टरांकडे जाताना त्याचे उत्तर, कफाचा रंग, खोकल्याची वेळ आणि चालू औषधांची यादी कागदावर लिहून न्यावी.

नागपूरचे संत्रे आठवल्याशिवाय मराठी वाचक येथवर आला नसेल. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते आणि शिनहुईचे फळ एकाच गोतातले आहेत. आपल्याकडेही साल अगदी वाया जात नाही. दिवाळीच्या उटण्यात ती नागरमोथा, आंबेहळद यांच्या जोडीला असतेच. मग घरी वाळवून चेनपी करावी का? बाजारातील फळांवर कीटकनाशकांचे अवशेष असू शकतात, चकाकीसाठी मेणाचा लेप दिलेला असतो, आणि आपल्या पावसाळ्यात साल तीन वर्षे बुरशीविना राखणे सोपे नाही. बुरशीचे विष डोळ्यांना दिसत नाही आणि उकळून जात नाही. ओळखीच्या, फवारणी न केलेल्या झाडाचे फळ असेल तर ताज्या वाळवलेल्या सालीचा तुकडा वासापुरता पेजेत घालण्यास हरकत नसावी. औषध म्हणून तिला शिनहुईच्या सालीचे गुण चिकटवू नयेत. पपनसाविषयी मात्र वेगळी सूचना: त्याचा रस रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचा परिणाम वाढवू शकतो. कोकणातील घरांत हे फळ आवडीने खातात, म्हणून सांगितले.

शिनहुईत दोन दिवस पुरतात. आधुनिक चीनचे विचारवंत लियांग चिचाओ १८७३ मध्ये येथील चाकेंग खेड्यात जन्मले. त्यांचे घर पाहता येते. तिआनमा खेड्याजवळ नदीतील बेटावर एकाच झाडापासून पसरलेले वडाचे बन आहे. लेखक बा जिन यांनी १९३३ मध्ये त्यावर लिहिले आणि ते चीनभर ‘पक्ष्यांचे नंदनवन’ म्हणून प्रसिद्ध झाले. संध्याकाळी पांढरे बगळे परततात त्याच वेळी रातबगळे बाहेर पडतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर हा वेळ येथेच घालवावा. बाजारात त्यांची पायपीट होते.

बाजारात साल घेताना वीस-तीस वर्षांच्या जुनेपणाच्या गोष्टींना भुलू नका. जुन्या सालीचे भाव सोन्याशी तुलना करून सांगितले जातात आणि म्हणूनच कोवळी साल चहाच्या पाण्यात रंगवून जुनी म्हणून खपवणारेही आहेत. तीन ते पाच वर्षांची, तीन पाकळ्यांची, वाकवल्यावर कडकन मोडणारी, थोडीशीच घ्यावी. प्रवासात वनस्पतिजन्य वस्तू नेण्याचे नियम आधी पाहावेत. घरी आल्यावर काचेच्या कोरड्या बरणीत ठेवावी, ओल्या चमच्याने काढू नये, पावसाळ्यात बरणी उघडू नये. दसऱ्यानंतर एकदा उन्हात काढावी. त्या वेळी कुबट वास आला किंवा पांढरी-हिरवी लव दिसली, तर कितीही किंमत मोजलेली असो, सगळी टाकून द्यावी.